बर्फाबरोबर वाहत गेलेले नान्सेन

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे अशी पद्धत आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मी नॉर्वे देशाचे शास्त्रज्ञ फ्रिट्यॉफ नान्सेन यांचे नाव सुचवले. कित्येकींनी विचारले, हे कोण, आणि त्या बर्फातल्या माणसाशी आपला काय संबंध? संबंध आहे, तो शेवटी सांगेन. आधी एक कबुली देते. यांची हकीगत मी प्रथम वाचली तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. साडेपाच महिन्यांची तान्ही मुलगी आणि तरुण पत्नी घरी ठेवून हे गृहस्थ उत्तर ध्रुवाकडे निघाले, तीन वर्षे परत आले नाहीत, आणि ध्रुवावर तर पोहोचलेच नाहीत. मग गेले तरी कशासाठी? या प्रश्नापायीच मी पुढचे वाचत गेले.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया शहराजवळ झाला. त्याच शहराला आज ऑस्लो म्हणतात. वडील वकील आणि शिस्तीचे. आई खंबीर मनाची. मुलांना मोकळ्या हवेची, बर्फात हिंडण्याची गोडी तिनेच लावली. मुलगा पंधरा वर्षांचा असतानाच ती माउली गेली. पुढे नान्सेन यांनी प्राणिशास्त्र शिकायला घेतले. १८८२ साली सील प्राण्यांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजावरून ते ग्रीनलंडच्या समुद्रात गेले. ते जहाज बर्फात अडकले आणि काही आठवडे बर्फ नेईल तिकडे वाहत राहिले. इतरांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटला. या तरुणाने मात्र बर्फावर पडलेले लाकडाचे ओंडके पाहिले आणि मनात प्रश्न ठेवला, की जिथे झाड उगवत नाही तिथे लाकूड आले कोठून?

१८८८ साली त्यांनी पाच सोबत्यांसह ग्रीनलंड बेट पूर्वेकडून पश्चिमेकडे बर्फावरून ओलांडले. त्याआधी हे कोणालाच जमले नव्हते. पूर्व किनारा ओसाड, पश्चिमेला वस्ती. त्यामुळे एकदा निघाल्यावर मागे फिरण्यात अर्थच नव्हता, पुढेच जायला हवे होते. पलीकडे पोहोचले तेव्हा वर्षाचे शेवटचे जहाज निघून गेले होते. मग तो हिवाळा त्यांनी तिथल्या एस्किमो लोकांत काढला आणि त्यांच्याकडून कातडी होडी चालवायला शिकले. विद्वान माणसाने अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या माणसांजवळ शिष्य होऊन बसावे, हे मला फार आवडले. पुढे याच विद्येने त्यांचा जीव वाचवला.

१८८९ साली त्यांचा विवाह ईवा सार्स यांच्याशी झाला. ईवाबाई नावाजलेल्या गायिका होत्या आणि बर्फावर घसरत जाण्यातही तरबेज होत्या.

आता मुख्य गोष्ट येते, आणि ती सुरू होते एका विजारीपासून. जेनेट नावाचे अमेरिकन जहाज १८८१ साली सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्यातल्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याशी बर्फाच्या लादीवर सापडल्या. त्यात एका खलाशाची मेणकापडी विजार होती आणि तिच्यावर त्याचे नाव होते. पृथ्वीच्या एका अंगाला हरवलेली विजार दुसऱ्या अंगाला गेली कशी? हवामानशास्त्रज्ञ मोन यांनी लिहिले की ध्रुवाजवळून वाहणाऱ्या प्रवाहाने ती आणली असावी. ते वाचून नान्सेन यांना ते ओंडके आठवले. ती लाकडे सैबेरियाच्या नद्यांतून समुद्रात आलेली होती. त्यांनी ठरवले की विजार गेली तर जहाजही जाईल. आजवर सगळे बर्फाशी झुंजत आले आणि बुडाले. आपण जहाज मुद्दाम बर्फात गोठू द्यावे आणि बर्फ नेईल तसे वाहत जावे.

ध्रुव प्रदेशातल्या मुरलेल्या मंडळींनी या बेताला वेडेपणा ठरवले. अमेरिकेच्या ग्रीली साहेबांनी तर हा जीव घालवण्याचा मार्ग असल्याचे जाहीर लिहिले. पण नॉर्वेच्या लोकसभेने पैसे मंजूर केले आणि कॉलिन आर्चर नावाच्या कुशल कारागिराने जहाज बांधले. लांबी सुमारे ३९ मीटर, रुंदी ११ मीटर, म्हणजे ठेंगणे आणि पोटाने गोल. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबली की ती चिरडत नाही, सुटून वर उडते. तसे बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबले की जहाज वर उचलले जावे, अशी ती घडण होती. ऑक्टोबर १८९२ मध्ये ईवाबाईंच्या हस्ते त्याचे नाव ठेवले गेले, फ्राम. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पुढे.

२४ जून १८९३ रोजी नान्सेन निघाले तेव्हा छोटी लिव्ह खिडकीत बसून टाळ्या वाजवीत होती. तिला काय ठाऊक!

सप्टेंबरच्या अखेरीस सैबेरियाच्या उत्तरेला फ्राम बर्फात गोठले. जहाजावर तेरा माणसे, पाच वर्षांची शिधासामग्री, आणि विजेच्या दिव्यासाठी एक पवनचक्की. पहिल्या काही आठवड्यांत जहाज उत्तरेऐवजी दक्षिणेलाच सरकले. किती मन खचले असेल! पण त्या दिवसांतही दर चार तासांनी हवेची नोंद व्हायचीच. वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, थंडी, आकाशात फडफडणारा ध्रुवीय प्रकाश, होकायंत्राच्या सुईची चाल, सगळे वहीत लिहिले जाई. महिनोन्महिने सूर्य उगवत नव्हता, तरी नोंद चुकली नाही.

या नोंदींतून काय निघाले ते सांगते. सर्वांचा समज होता की ध्रुवाजवळचा समुद्र उथळ आहे. खोली मोजायला दोर सोडला तो तळालाच लागेना. विहिरीला दोर अपुरा पडावा तशी गत झाली. तेव्हा त्यांनी जहाजावरचा पोलादी दोरखंड उसवून त्याच्या तारांचा लांब दोर वळला. तळ लागला तो तीन हजार मीटरांच्याही पुढे. म्हणजे तिथे उथळ खाडी नव्हती, खोल महासागर होता.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. बर्फाखालचे पाणी शून्याच्याही खाली थंड होते. पण सुमारे दोनशे मीटर खाली गेल्यावर ते अधिक थंड होण्याऐवजी शून्याच्या थोडे वर, म्हणजे ऊबदार लागले. ऊबदार पाणी खाली कसे राहील? हे मला कळेना. मग मी घरीच एक काचेचा पेला घेतला, त्यात मिठाचे पाणी आणि थोडी हळद घातली, आणि वरून चमच्याच्या पाठीवरून हलकेच साधे पाणी सोडले. साधे पाणी वर, पिवळे खाली, मिसळेचनात. तसेच तिकडे सैबेरियाच्या मोठ्या नद्यांचे गोडे पाणी मिसळल्यामुळे वरचा थर हलका, आणि अटलांटिकमधून आलेले खारे, ऊबदार पाणी जड म्हणून खाली. वरचा थंड थर हे जणू झाकण आहे. त्या झाकणामुळे खालची ऊब बर्फापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी गोष्ट अशी, की वारा वाहतो त्याच दिशेने बर्फ सरळ जात नाही, वीस ते चाळीस अंश उजवीकडे वळून जातो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून असे होते, हे नान्सेन यांनी ओळखले. त्याचे गणित एकमान या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडले आणि १९०५ साली प्रसिद्ध केले. आपल्या अरबी समुद्रात पावसाळी वारे सुटले की सोमालियाच्या किनाऱ्याशी खोलातले थंड पाणी वर येते, त्याचे कारणही याच नियमात आहे.

वर्ष दीड वर्षाने दिसू लागले की प्रवाह जहाजाला ध्रुवाच्या बाजूने नेणार, ध्रुवावर नेणार नाही. तेव्हा जहाज स्वेर्द्रूप या भरवशाच्या कप्तानाच्या हाती देऊन, १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि योहान्सेन दोघेच २८ कुत्री, तीन घसरगाड्या आणि दोन कातडी होड्या घेऊन ध्रुवाकडे चालू लागले. जहाज वाहत राहणार, म्हणजे परत त्यावर येणे शक्यच नव्हते. पुढे बर्फाचे उंच उंच बांध लागले. शिवाय ते उत्तरेला चालत तेव्हा पायाखालचा बर्फ दक्षिणेला सरकत असे. ८ एप्रिलला ते ८६ अंश १४ कलांवर पोहोचले. तिथवर कोणीच गेले नव्हते. ध्रुव अजून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर होता. नान्सेन यांनी शिधा मोजला, दिवस मोजले, आणि ते मागे फिरले.

भगिनींनो, माझा राग इथे निवळू लागला. ज्याच्या जहाजाचे नावच पुढे, ज्याने ग्रीनलंडमध्ये मागची वाट ठेवलीच नव्हती, त्या माणसाने जगाच्या टाळ्यांपेक्षा सोबत्याचा जीव मोठा मानला. मागे फिरणे म्हणजे हार, असे मीही समजत आले होते.

परतीची वाट सोपी नव्हती. दोघेही घड्याळाला किल्ली द्यायला विसरले. ही चूक लहान नव्हती, कारण अचूक वेळेवाचून आपण पूर्व-पश्चिम कोठे आहोत ते कळत नाही. एकेक कुत्रे मारून उरलेल्यांना खाऊ घालावे लागले. ऑगस्टमध्ये ते फ्रान्झ जोसेफ बेटांवर पोहोचले आणि दगडांची भिंत व वॉलरसच्या कातड्याचे छप्पर करून सगळा हिवाळा त्या खोपटात राहिले. अन्न म्हणजे अस्वलाचे मांस, दिवा चरबीचा, अंगभर काजळी. इतकी वर्षे बरोबर असून एकमेकांना अहो-जाहो करणारे ते दोघे त्या हिवाळ्यात अरे-तुरेवर आले! वसंतात पुन्हा निघाले. एकदा दोन्ही होड्या सुटून वाहून चालल्या, तेव्हा नान्सेन यांनी बर्फगार पाण्यात उडी घालून, पोहत जाऊन त्या परत आणल्या. १७ जून १८९६ रोजी त्यांना जॅक्सन नावाचे इंग्रज संशोधक भेटले. फ्रामवर येऊ द्यावे म्हणून याच जॅक्सन यांनी पूर्वी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला होता. त्यांनीच आता आसरा दिला. तिथे वजन केले तर दोघांचेही वाढलेले निघाले.

१३ ऑगस्ट १८९६ रोजी नान्सेन नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले. नवल असे की त्याच दिवशी फ्रामही स्पिट्सबर्गेनजवळ बर्फातून मोकळे झाले. तेराच्या तेरा माणसे जिवंत परतली. विजारीने दाखवलेली वाट खरी ठरली. त्या नोंदींचे पुढे सहा जाडजूड ग्रंथ झाले. समुद्राच्या हव्या त्या खोलीचे पाणी वर आणण्यासाठी नान्सेन यांनी धातूची एक बाटली सुधारून तयार केली. दोरावरून छोटे वजन सोडले की ती खाली उलटून बंद होई. अनेक दशके जगभरची संशोधन जहाजे ती वापरीत होती.

आणि ईवाबाई? त्या तीन वर्षांत त्यांनी लेकीला वाढवले आणि गाण्याचे कार्यक्रमही केले. पती परतल्याची तार येताच त्या हामरफेस्टला धावल्या. पुढे आणखी चार मुले झाली. १९०६ साली नान्सेन नॉर्वेचे वकील म्हणून लंडनला गेले. डिसेंबर १९०७ मध्ये ईवाबाईंना फुप्फुसाचा दाह झाला. बातमी कळताच ते निघाले, पण घरी पोहोचण्याआधीच त्या गेल्या. बर्फातून वेळेवर परत आलेला माणूस आगगाडीच्या प्रवासात उशिरा ठरला. हे वाचताना मला आधीचा राग आठवला, पण आता तो करवेना.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्यांच्यावर युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याचे काम सोपवले. १९२० ते १९२२ या काळात चार लाखांहून अधिक माणसे आपापल्या घरी गेली. रशियातल्या दुष्काळात त्यांनी अन्न मिळवण्यासाठी दारोदार पदर पसरला. ज्यांना कोणताच देश आपले म्हणत नव्हता, त्या निर्वासितांसाठी १९२२ साली त्यांच्या नावाचे पारपत्र निघाले. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कमही त्यांनी मदतीलाच लावली. १३ मे १९३० रोजी ते आपल्या घरी निवर्तले.

आता आपला संबंध. १ जुलै २००८ रोजी भारताने स्पिट्सबर्गेनवर हिमाद्री नावाचे संशोधन केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या खाडीत सुमारे १९० मीटर खोल पाण्यात उपकरणांची माळ नांगरून ठेवली. ती मोजते काय? पाण्याची ऊब आणि पाण्याचा खारटपणा, जे नान्सेन मोजीत होते तेच. तिकडचा बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांचा काय धागा आहे, याचा अभ्यास चालू आहे. २०१९ साली पोलारस्टेर्न हे जर्मन जहाज फ्रामचीच युक्ती करून मुद्दाम बर्फात गोठले आणि तिथून उंच हवेत फुगे सोडून वातावरण मोजले गेले. १९७९ पासूनच्या उपग्रहांच्या मोजणीत उन्हाळ्याअखेरचा बर्फ पुष्कळ घटलेला दिसतो. ते थंड पाण्याचे झाकण ढिले झाले तर खालची ऊब बर्फाला लागेल, ही आजची काळजी आहे. आणि खाली ऊब आहे हे आपल्याला ठाऊक झाले ते फ्रामवरच्या त्या वह्यांमुळे.

ध्रुव त्यांना मिळाला नाही. पण ज्या दिवशी जहाज उलटे वाहत होते, त्या दिवशीची नोंदही त्यांनी चुकू दिली नाही, आणि तीच आज उपयोगी पडते आहे. लिव्ह खिडकीत टाळ्या वाजवीत होती ते काही मला विसरता येत नाही. परंतु ते कशासाठी गेले, हे आता मी विचारीत नाही.