विश्लेषण : पंडिता रमाबाई कोणापुढे झुकल्या, कोणापुढे नाही?

कोलकात्यातील विद्वानांनी १८७८ मध्ये २० वर्षांच्या रमाबाईंचे संस्कृत पारखले आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. पण ते जेमतेम वाचता येणाऱ्या बायकांसाठी. असे का?

सुरुवात कुठून?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेले. भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत त्या देशभर पायी फिरल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, तर १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही होती.

इंग्लंडमध्ये काय घडले?

१८८३ मध्ये त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहताना त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागातील त्यांचे काम पाहिले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. याचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती परंपरेत येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग नम्रतेचा नमुना मानला जातो. पाय धुणे हे तेव्हा नोकराचे काम होते. मोठ्याने खालच्या पायरीवर उतरून सेवा करायची, हा त्याचा अर्थ.

मग त्या चर्चच्या आज्ञेत राहिल्या का?

नाही. चर्चची शिकवण त्यांनी डोळे झाकून स्वीकारली नाही. प्रत्येक मुद्द्यावर प्रश्न विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे म्हणणे होते. रमाबाईंनी त्यालाही आक्षेप घेतला. इकडे भारतात, १८८९ मध्ये सुरू केलेल्या 'शारदा सदन'वर धर्मांतराचे आरोप झाले. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तरीही रमाबाईंनी काम थांबवले नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या सरकारी व्यवस्थेवर त्यांनी वृत्तपत्रातून उघड टीका केली.

केडगावला काय उभे राहिले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळच्या केडगाव येथील जमिनीवर त्यांची सोय केली. तेच 'मुक्ती' सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे २ हजारांवर गेली. अंध स्त्रियांसाठी आणि समाजाने टाकलेल्यांसाठी वेगळी घरे होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी कामे बायकाच शिकत आणि करत.

अनुवाद सोपा का?

आधीच्या मराठी बायबलांमध्ये संस्कृत शब्दांची गर्दी होती. मुक्तीतील बायकांना ते कळत नव्हते. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या रमाबाईंनी ते शब्द बाजूला ठेवून बोलीजवळची भाषा निवडली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील बायकांनीच केले.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज याचे महत्त्व काय?

नम्रता म्हणजे गप्प बसणे, असा समज सर्रास दिसतो. बायकांकडून तर तीच अपेक्षा असते. रमाबाई बिशप, सुधारक आणि सरकार यांच्याशी वाद घालत राहिल्या. पण जिला अक्षर ओळखता येत नव्हते, तिच्यासाठी त्यांनी आपली विद्वत्ता बाजूला ठेवली. मुक्ती मिशनचे काम केडगावला आजही सुरू आहे.