फ्रँक्लिनच्या जिन्यांतील घंटा

पनवेलहून रोह्याकडे जाणारी आगगाडी आपटें स्थानक सोडून पुढें निघाली कीं पेण तालुक्यांतील जिते हें लहानसें स्थानक लागतें. तेथें रुळांवरून गेलेली जाड तार पाहावी, किंवा गांवांतील एखाद्या घराच्या भिंतीवरून गेलेली बारीक तार पाहावी. कितीहि निरखून पाहिलें तरी तींत वीज खेळत आहे कीं नाहीं, हें डोळ्यांस कळावयाचें नाहीं. गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे मूर्तिकारांच्या ह्या मुलखांत घरोघर मखरें सजतात, दिव्यांच्या माळा लागतात, आणि एखादा उत्साही मुलगा स्टुलावर चढून उघडीं टोकें बोटांनीं पिळूं लागतो. त्या मुलासाठीं आणि त्याच्या आईबापांसाठीं आम्हीं आज एका थोर पुरुषाचें चरित्र निवडलें आहे. तार जिवंत आहे कीं मृत, हें तिला हात लावण्यापूर्वीं ओळखलें पाहिजे, हा धडा त्यानें आपल्याच देहावर आघात सोसून घेतला होता.

बेंजामिन फ्रँक्लिन ह्याचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं झाला. बाप मेणबत्त्या व साबण करून विकणारा. घरांत मुलांचें लेंढार. बेंजामिनला शाळा लाभली ती अवघीं दोन वर्षें. दहाव्या वर्षीं तो बापाच्या दुकानांत कामास लागला आणि बाराव्या वर्षीं वडील भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. पुस्तकांची गोडी त्यास तेथेंच लागली. १७२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो फिलाडेल्फिया शहरीं आला. पुढें स्वतःचा छापखाना काढून व वर्तमानपत्र चालवून त्यानें नांवलौकिक मिळविला. १७३१ सालीं त्यानें मित्रांच्या साह्यानें वर्गणीचें वाचनालय स्थापिलें, १७३६ सालीं आग विझविणाऱ्या नागरिकांचें मंडळ उभारलें, आणि १७४८ सालीं धंद्यांतून अंग काढून घेतलें. आतां त्याचें चित्त एकाच विषयांत गुंतलें होतें, आणि तो विषय म्हणजे वीज.

लंडनच्या पीटर कॉलिन्सन नामक स्नेह्यानें वाचनालयास एक कांचेची नळी पाठविली होती. ती घांसली म्हणजे तींत वीज उत्पन्न होई. ही वीज सांठविण्यास लेडनची बाटली नुकतीच युरोपांत निघाली होती. कांचेच्या आंतून व बाहेरून धातूचा पत्रा असे. दोन्ही बाजू जोडल्या गेल्या कीं सांठलेली वीज एका कडाक्यासरशीं बाहेर पडे. फ्रँक्लिननें ह्या बाटलीचा कसून अभ्यास केला, आणि विजेच्या दोन अवस्थांस धन व ऋण हीं जीं नांवें दिलीं तीं आजहि चालतात.

एवढा जाणता पुरुष, परंतु २३ डिसेंबर १७५० रोजीं त्याच्या हातून चूक झाली. दोन मोठ्या बाटल्यांच्या विजेनें टर्की नांवाचा पक्षी मारून दाखवावा, असा त्याचा बेत होता. त्या बाटल्यांत साध्या चाळीस बाटल्यांइतकी वीज भरली होती. भोंवतीं मंडळी गप्पा मारीत होती. त्याचें लक्ष विचलित झालें. बाहेरील बाजूस जोडलेली सांखळी एका हातांत असतांच दुसरा हात वरच्या तारांस लागला, आणि सगळी वीज त्याच्या अंगांतून गेली. पाहणारांस मोठा लखलखाट दिसला व पिस्तुलासारखा बार ऐकूं आला. पण त्यास स्वतःस ना कांहीं दिसलें, ना कांहीं ऐकूं आलें. सर्वांग थरथर कांपूं लागलें. हात व मान सकाळपर्यंत बधिर राहिलीं, आणि छातीचें हाड कित्येक दिवस दुखत होतें. ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं. लाज वाटत असूनहि इतरांनीं सावध व्हावें म्हणून दोनच दिवसांनीं त्यानें भावास सर्व हकीकत लिहून कळविली. आमच्या मतें हें पत्र लिहिण्यांत त्याचा मोठेपणा दिसतो.

१७५२ सालच्या पतंगाच्या प्रयोगानें तो जगप्रसिद्ध झाला. त्या प्रयोगाचें अनुकरण कोणींहि करूं नये. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यानें घराच्या धुराड्यावर लोखंडी सळई उभारली. तिची तार जिन्यांतून खालीं नेऊन पंपाच्या लोखंडास, म्हणजे जमिनीस, जोडली. खोलीच्या दारासमोर तार तोडून दोन्ही टोकांस एकेक घंटा बांधली, आणि मध्यें रेशमी दोऱ्यानें पितळेची लहान गोळी टांगली. मेघांतील वीज तारेंत उतरली कीं गोळी एका घंटेवरून दुसरीवर आपटूं लागे व नाद घुमे. तारेंत वीज आली, हें तिला हात न लावतां आतां कळूं लागलें.

परंतु एके रात्रीं जिन्यांत मोठा कडाका झाल्यामुळें तो बाहेर आला, तों गोळी स्थिर व घंटा मुक्या. आणि दोहोंमधून बोटाएवढा जाड पांढरा झोत अखंड वाहत होता. त्या प्रकाशांत सगळा जिना उजळून गेला होता. पुढें तो लंडनमध्यें असतां पत्नी डेबोरा हिला घंटांच्या नादाची भीति वाटूं लागली. तेव्हां दोन्ही घंटा तारेनें एकमेकींस जोडाव्या, असें त्यानें तिला कळविलें; म्हणजे वीज जाईल, पण आवाज होणार नाहीं. मुकी घंटा म्हणजे निर्जीव तार नव्हे, हें ह्या दोन गोष्टींवरून आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

हें ज्ञान सर्वांस स्वस्तांत मिळालें नाहीं. सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक रिखमन ह्यानें विजेचें माप घेण्यास घरांत तार आणली होती. ती जमिनीस जोडलेली नव्हती. ६ ऑगस्ट १७५३ रोजीं वादळ चालू असतां तो यंत्र पाहण्यास जवळ गेला, आणि विजेचा लोळ कपाळीं बसून तत्काळ गतप्राण झाला.

फ्रँक्लिनची बाटली एका आघातांत रिती होई. आपल्या घरांतील २३० व्होल्टांच्या तारेमागें मात्र आजच्या रायगड जिल्ह्यांतील खोपोली (१९१५) व भिरा (१९२७) येथील केंद्रांसारखीं विद्युत्केंद्रें उभीं असतात. ही बाटली कधीं रिती होत नाहीं.

म्हणून माळेस हात लावण्यापूर्वीं तिची पिन सॉकेटांतून काढावी. नुसतें बटन बंद केल्यानें भागत नाहीं. बटन चुकीच्या तारेवर बसविलेलें असेल तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. भिंतीवरील तारांचें काम मुलांनीं करूं नये. तें जाणत्या वायरमनचें आहे. तो काय करतो, तें मात्र दुरून पाहावें. चांगला वायरमन प्रथम वीज असलेल्या दुसऱ्या सॉकेटांत टेस्टर लावून तो पेटतो कीं नाहीं, हें पाहतो. नंतर कामाच्या तारांचा पुरवठा बंद करून प्रत्येक तार तपासतो. घरांत इन्व्हर्टर असल्यास तोहि बंद करतो. शेवटीं टेस्टर पुन्हा त्याच चालू सॉकेटांत लावतो. मधल्या वेळीं टेस्टर बिघडला असेल, तर तो ह्या तिसऱ्या पायरीस उघडकीस येतो. शिवाय टेस्टरचा दिवा अंगांतून जमिनीस जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो; कोरड्या लांकडी स्टुलावर उभें राहिल्यास तो मंद होतो, आणि भर उन्हांत तर दिसतहि नाहीं. ह्यास्तव मुक्या टेस्टरवर एकदम विश्वास ठेवूं नये.

फ्रँक्लिन पुढें आपल्या देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर १७७६ सालीं, आणि राज्यघटनेवर १७८७ सालीं सही करणारांत होता. १७ एप्रिल १७९० रोजीं, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं तो वारला. त्या डिसेंबरच्या दिवशीं आघात थोडा अधिक असता तर ह्यांतलें कांहींच त्याच्या हातून घडलें नसतें. तो वांचला आणि आपली चूक भावास कळवून मोकळा झाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास तारेचा लहानसा धक्का बसला, तर त्यानेंहि तो घरीं लपवूं नये; कारण तीच तार उद्यां धाकट्या भावंडाच्या हातीं लागावयाची असते.