सिंहलनरेश विजयबाहू

इ. स. १०१७ मध्ये राजेंद्र चोळाच्या सैन्याने सिंहलद्वीपाचा राजा पाचवा महिंद यास राजचिन्हांसह पकडून चोळदेशी नेले. बारा वर्षांनी बंदिवासातच त्याचा अंत झाला. हजाराहून अधिक वर्षे राजधानी असलेले अनुराधपूर त्याआधीच उद्ध्वस्त झाले होते. विहार लुटले गेले, पोलोन्नरुवा नगरीला जननाथमंगलम् हे नवे नाव मिळाले. या पराभवाला चोळांचे सामर्थ्य हे एकच कारण नव्हते. महिंदाला स्वतःच्या सैनिकांचे वेतन देता आले नव्हते. सैन्य बंड करून उठले आणि राजाला दक्षिणेकडील रोहण प्रांतात आश्रय घ्यावा लागला. घर आतून पोखरलेले होते, म्हणूनच दार इतक्या सहज मोडले.

रोहणात या राज्याचा एक निखारा धुमसत राहिला. तेथे अनेक सरदार आले आणि गेले. प्रत्येकाला राजा व्हायचे होते आणि चोळांपेक्षा ते एकमेकांशीच अधिक लढत. या धामधुमीत कित्ती नावाचा राजकुमार वाढत होता. शत्रूच्या भयाने त्याचे सारे कुटुंब रानात दडून राहिले होते. बुदल नावाच्या एका अधिकाऱ्याने त्यांना आसरा दिला आणि रानातील कंदमुळे व पालेभाज्या खाऊ घालून जगवले.

विशीही न ओलांडलेल्या या कित्तीने प्रतिस्पर्ध्यांना नमवले आणि १०५५ मध्ये विजयबाहू हे नाव धारण करून रोहणाची सत्ता हाती घेतली. पुढील पंधरा वर्षांत त्याला यशापेक्षा अपयशच अधिक वेळा पाहावे लागले. १०६६च्या सुमारास त्याने पोलोन्नरुवा घेतले खरे, पण चोळांची नवी फौज समुद्रापार उतरताच ते सोडून वातगिरीच्या दुर्गात माघार घ्यावी लागली. जिंकलेले नगर सोडण्याचा निर्णय कोणत्याही तरुण राजाला कठीणच. परंतु त्यानेच सैन्य वाचले.

१०७० मध्ये चोळसम्राट वीरराजेंद्र मरण पावला आणि त्या राज्यात वारसाहक्कावरून गोंधळ माजला. विजयबाहू याच क्षणाची वाट पाहत होता. त्याने एक सेना पश्चिम किनाऱ्याने व दुसरी पूर्वेकडून धाडली आणि स्वतः महियंगणाच्या मार्गाने निघाला. सुमारे दीड महिन्याच्या वेढ्यानंतर पोलोन्नरुवा पडले. त्यानंतरही अंतर्गत बंडे मोडण्यात काळ गेला. मग राजाने जुन्या अनुराधपुरातच स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला, राजधानी मात्र पोलोन्नरुवासच ठेवली.

राज्य मिळाले, तरी एक मोठी उणीव उरली होती. उपसंपदा देण्यासाठी मध्यदेशाबाहेर किमान पाच भिक्खूंचा गण लागतो. ज्या बेटावर महेंद्र थेरांनी धम्म आणला, तेथे विनयानुसार असे पाच भिक्खूही मिळेनात. विजयबाहूने ब्रह्मदेशाचा राजा अनुरुद्ध याच्याकडे दूत पाठवले. चोळांविरुद्धच्या लढ्यातही त्याने याच मित्राकडे साहाय्य मागितले होते. या वेळी त्याने मागितले ते भिक्खू. ते आले, उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू झाली, विहार उभे राहिले आणि पोलोन्नरुवात दंतधातूसाठी मंदिर बांधले गेले. भिक्खुणी संघ मात्र तेव्हा पुन्हा उभा राहिला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीरही मूळचे ब्रह्मदेशाचेच होते, हे येथे सहज आठवते.

या थोर राजाच्या चरित्रातील एक गोष्ट आपल्या समाजाने झाकून ठेवू नये. श्रीपाद पर्वतावरील यात्रेकरूंसाठी त्याने मोठ्या सोयी केल्या. परंतु अंबगमुव येथील शिलालेखानुसार, हीन मानलेल्या जातींच्या लोकांनी वंदन करावे म्हणून पादचिन्हाच्या ओट्याखाली त्यांच्यासाठी निराळा ओटा बांधला गेला. त्यांना वाट मिळाली, पण ती खालची. संघ पुन्हा उभा करणाऱ्या राजालाही तथागतांच्या चरणापाशी हा भेद ठेवावासा वाटला, याची खंत वाटते.

उत्तरायुष्यातही त्याला स्वस्थता लाभली नाही. कर्नाटाच्या चालुक्य राजाकडे पाठवलेल्या त्याच्या दूतांची चोळांनी नाके-कान कापली. संतापून त्याने स्वारीची आज्ञा दिली, तेव्हा त्याच्याच पदरच्या वेळैक्कार सैनिकांनी चोळांविरुद्ध शस्त्र धरण्यास नकार देऊन बंड केले आणि राजवाडा जाळला. राजाला पुन्हा वातगिरी गाठावी लागली. तेथून परतून त्याने बंड मोडले. नवल असे, की त्याच्या मृत्यूनंतर दंतधातूच्या मंदिराचे रक्षण करण्याची जबाबदारी याच तमिळ वेळैक्कारांनी स्वीकारली आणि तसा लेख शिळेवर कोरला. पंचावन्न वर्षांच्या राजवटीनंतर १११० मध्ये विजयबाहूचे निधन झाले.

बुदलाला तो विसरला नव्हता. राज्याच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने एक ताम्रपट दिला. रानातील ते दिवस आणि ती कंदमुळे त्यात नोंदवून बुदलाच्या वंशजांना राजदंडापासून संरक्षण दिले. हा ताम्रपट १९४८ मध्ये, लंका पुन्हा स्वतंत्र झाली त्याच वर्षी, पनाकडुव गावी एका शेतकऱ्याला आपल्या शेतात खणताना सापडला.