वाऱ्याला शिस्त लावणारा मास्तर

शिकलेला माणूस गावात राहत नाही, असा आमच्या घरचा ठाम समज. कॉलेजात आलेला मी घरातला पहिलाच. त्यामुळे पुढे पुण्याला कधी जाणार, हे लोक आताच विचारतात. म्हणूनच डेन्मार्कच्या पोल ला कूर यांचे चरित्र वाचताना मी एका ठिकाणी थबकलो.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ चा, जटलंडमधील एबेल्टॉफ्टजवळच्या शेतवाडीवरचा. हवामानशास्त्र शिकून १८७२ मध्ये ते कोपनहेगनच्या नव्या हवामान संस्थेचे उपप्रमुख झाले. तारायंत्रासाठी त्यांनी ध्वनिचक्र शोधले. नादकाट्याच्या कंपनांबरोबर तुटत-जुळत जाणाऱ्या विद्युत्‌प्रवाहावर दातेरी लोखंडी चाक ठरावीक गतीने फिरे. एकाच प्रवाहावर दूरदूरची चाके एका तालात ठेवता येत.

असा माणूस १८७८ मध्ये राजधानी सोडून आस्कोव या खेड्यात गेला, तोही शेतकऱ्यांच्या मुलांना गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायला! तेथील लोकविद्यालयात परीक्षाच नसत. (हे वाचून मला हेवा वाटला.)

वीज शहरांपुरतीच राहिली तर खेडी ओस पडतील, ही त्यांची चिंता होती. १८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी आस्कोवला पवनचक्की उभारून तिला डायनामो जोडला. पण वारा लहरी. वीज कधी जास्त, कधी कमी. त्यासाठी त्यांनी वजन व पट्टा यांचे एक साधन केले. वाऱ्याचा जोर वाढला की पट्टा घसरे आणि डायनामोला बेताचीच ओढ लागे. वारा पडला तर काय? चक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन करून ते हायड्रोजन साठवीत. १८९५ ते १९०२ विद्यालयात याच वायूचे दिवे जळत होते. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई, खिडक्यांच्या काचा फुटत. पण मास्तरांचे प्रयोग थांबले नाहीत. १८९७ च्या मोठ्या चक्कीजवळ कृत्रिम वाऱ्याचा बोगदा करून त्यांनी पात्यांची परीक्षा घेतली. पाती थोडी आणि वेगाने फिरणारी असावीत, हा निष्कर्ष निघाला.

१९०४ पासून ते खेड्यातल्या तरुणांना पवनविजेचे तंत्र शिकवू लागले. त्या पहिल्या विद्यार्थ्यांत योहान्स यूल होते. त्यांनीच १९५७ मध्ये गेसरची तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की उभारली. ते पाहायला गुरुजी नव्हते. २४ एप्रिल १९०८ रोजी आस्कोवलाच त्यांचा अंत झाला होता.

१९९१ मध्ये डेन्मार्कमध्येच विंडेबी येथे समुद्रात ११ चक्क्या उभ्या राहिल्या. आता तर नॉर्वेजवळच्या हायविंड टॅम्पेन येथे अकरा चक्क्या तरंगत्या पायावर आहेत. तेथे लहरी वाऱ्याच्या जोडीला लाटाही आल्या. वारा वाढला म्हणून पाती घाईने वळवली, तर वाऱ्याचा रेटा एकदम कमी होऊन पाया पुढेमागे झुलू लागतो. शिवाय पुढची चक्की वारा खाते आणि मागचीला मंद, घुसळलेला वारा मिळतो. म्हणून साऱ्या चक्क्यांचे नियंत्रण एकत्र करण्यावर संशोधन चालू आहे. पुढची चक्की वाऱ्याला किंचित तिरपी धरायची. तिची थोडी वीज बुडते, पण तो मंद वारा बाजूने निघून जातो आणि मागच्या चक्क्यांना ताजा वारा मिळतो.