शिक्षक कार्विन जेम्स

स्वतः मैदान गाजविणाराच तेवढा थोर खेळाडू, असा पुष्कळांचा समज असतो. वेल्स देशांतील कार्विन जेम्स यांचें चरित्र वाचलें म्हणजे हा समज किती अपुरा आहे हें ध्यानांत येतें.

कार्विन यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ रोजीं दक्षिण वेल्समधील केव्हनेथिन या गांवीं झाला. वडील कोळशाच्या खाणींत काम करीत. घरची भाषा इंग्रजी नव्हे, तर वेल्श होती. पुढें ॲबरिस्टविथ येथील कॉलेजांत त्यांचें उच्च शिक्षण झालें. लांबट चेंडू हातीं घेऊन तो प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकविण्याचा रग्बी हा खेळ त्या प्रांतीं अत्यंत लोकप्रिय. कार्विन त्यांत तरबेज झाले. परंतु त्यांच्याच जागेवर खेळणारा क्लिफ मॉर्गन हा त्या काळचा नामांकित खेळाडू असल्यामुळें राष्ट्रीय संघांतून खेळण्याची संधि त्यांना अवघी दोनदां, १९५८ सालीं, मिळाली.

दुसरा एखादा खट्टू होऊन बसला असता. कार्विन यांनीं लँडव्हरी येथील शाळेंत मुलांना वेल्श भाषा शिकविली आणि रग्बीही शिकविली. पुढें ते लॅनेली संघाचे शिक्षक झाले. १९७० च्या जानेवारींत दक्षिण आफ्रिकेचा संघ तेथें खेळावयास आला. त्या देशांत तेव्हां वर्णभेदाचें राज्य असून संघांत केवळ गोऱ्यांनाच स्थान असे. कार्विन यांनीं आपल्या खेळाडूंची तयारी करून घेतली, परंतु सामना सुरू होतांच ते कपडे बदलण्याच्या खोलींत बसून राहिले. अन्यायाचा निषेध त्यांनीं असा निःशब्दपणें केला.

१९७१ सालीं ब्रिटन व आयर्लंड यांचा 'लायन्स' हा संयुक्त संघ घेऊन ते न्यूझीलंडला गेले. हुकूम सोडण्यापेक्षां खेळाडूंचें मत विचारावें व ज्याला जें उत्तम येतें तें त्याच्याकडून घ्यावें, ही त्यांची रीत. चार कसोटी सामन्यांपैकीं दोन जिंकले, एक गमावला, एक बरोबरींत सुटला. तेथें मालिका जिंकण्याचा मान लायन्सना तत्पूर्वीं कधींच मिळाला नव्हता. पुढील वर्षीं, ३१ ऑक्टोबर १९७२ रोजीं, त्यांच्या लॅनेली संघानें त्याच न्यूझीलंडला ९-३ असें हरविलें.

सरकारनें देऊं केलेला किताब त्यांनीं नाकारला. वेल्सच्या राष्ट्रीय संघाचें शिक्षकपद मात्र त्यांना हवें होतें. परंतु संघाच्या निवडींत आपला शब्द चालावा, ही त्यांची अट. ती मान्य होईना, तेव्हां १९७४ सालीं त्यांनीं आपलें नांव मागें घेतलें. न्यूझीलंडला नमविणाऱ्या या गुरूस स्वदेशाचा संघ घडविण्याचें भाग्य अखेरपर्यंत लाभलें नाहीं. जानेवारी १९८३ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें, वयाच्या ५३ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या संघाची यादी लागते आणि तींत आपलें नांव नसतें, असा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांवर येतो. त्या दिवशीं या शिक्षकाची आठवण ठेवा. त्यांना स्वतःला दोनच सामने मिळाले; परंतु इतरांच्या यशांत आपलें यश मानण्याचें मोठें मन त्यांच्या ठायीं होतें, आणि म्हणूनच त्यांचें नांव राहिलें.