महर्षी शिंदे : शिष्यवृत्तीचे ऋण व त्याची फेड

आपल्या मंडळाच्या वतीने दरवर्षी होतकरू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्या प्रसंगी एक प्रश्न हमखास निघतो : ज्ञातीच्या पैशावर शिकलेला मुलगा पुढे ज्ञातीच्या उपयोगी पडला नाही तर तो पैसा वाया गेला असे समजावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रात सापडते, असे मला वाटते.

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. वडील रामजीबाबा वारकरी. घरी भक्ती होती, पण पैसा नव्हता. मॅट्रिक झाल्यावर पुढील शिक्षण जवळजवळ अशक्यच होते. अशा वेळी गंगारामभाऊ म्हस्के या दूरदर्शी वकिलांनी चालविलेल्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनने त्यांस हात दिला. पुढे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचाही आश्रय लाभला आणि हा तरुण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकू लागला.

कॉलेजने त्यांना केवळ पदवी दिली नाही. त्या काळी गोपाळ गणेश आगरकर तेथे प्राचार्य होते व गोखले प्राध्यापक होते. रूढी बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावी, हा धडा त्या वातावरणातच मिळत असे. मिल्ल, स्पेन्सर यांच्या वाचनाने जुन्या श्रद्धेस हादरे बसले. पण वारकरी घरातील ईश्वरनिष्ठा नष्ट झाली नाही. तिला नवे वळण मिळाले ते न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्या प्रार्थनासमाजात. सन १८९८ मध्ये ते बी. ए. झाले. वकिलीचा अभ्यासही आरंभिला होता. त्या धंद्यात मान होता, द्रव्य होते आणि घरच्या मंडळींची आशाही होती. तो मार्ग त्यांनी सोडला व धर्मकार्यास वाहून घेतले.

लवकरच मोठी संधी चालून आली. युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. प्रवासखर्चास सयाजीराव महाराजांनीच साहाय्य केले. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या गुरूंजवळ त्यांनी तौलनिक धर्मशास्त्र व पाली यांचे अध्ययन केले. १९०३ साली ते मायदेशी परतले.

एवढी विद्या संपादन केलेला पुरुष मोठ्या नोकरीत सहज स्थिरावला असता. विठ्ठलराव मात्र ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांच्या वस्तीत गेले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे निराश्रित साहाय्यकारी मंडळींची, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशनची, पहिली शाळा उघडली. त्यांच्या भगिनी जनाबाई त्या कार्यात खांद्यास खांदा लावून उभ्या राहिल्या. पुढे पुण्यात नाना पेठेत अहल्याश्रम उभा राहिला. अस्पृश्यांच्या कामामुळे स्वजनांनी दुरावा धरला, तोही त्यांनी सोसला.

सन १९२० च्या निवडणुकीत मराठा व तत्सम जातींसाठी राखीव जागा होत्या. त्यांपैकी एखादी घेणे त्यांस सोपे होते. परंतु जातवार प्रतिनिधित्व तत्त्वतः मान्य नसल्यामुळे ते सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्ञातीच्या साहाय्याने शिकलेला पुरुष ज्ञातीच्या नावाने मिळणारी जागा नाकारतो, हे त्या वेळी पुष्कळांस रुचले नसेल. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही भोगला. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा संशोधनग्रंथ प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. म्हस्के यांच्या संस्थेचा पैसा वाया गेला काय? त्या पैशाने ज्ञातीस एक वकील मिळाला नाही, हे खरे. पण साऱ्या महाराष्ट्रास एक महर्षी मिळाला. आज त्यांचे नाव घेताना आपली मान ताठ होते, ती याच कारणाने.

मी आयुष्यभर शाळेत शिकविले. ज्याला हात दिला तो विद्यार्थी पुढे कोठे जाईल हे शिक्षकाच्या हाती नसते. हात देणे मात्र असते. म्हणून माझी मंडळास विनंती आहे की, शिष्यवृत्ती देताना विद्यार्थ्याची बुद्धी व गरज पाहावी, त्यास चांगल्या गुरूजवळ पोहोचवावे आणि पुढे त्याच्या पायांत परतफेडीची बेडी घालू नये. आणि विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे की, हे ऋण आपल्या दारी येऊन फेडावयाचे नाही; ज्याच्या दारी कोणीच जात नाही, त्याच्या दारी जाऊन फेडावयाचे आहे.