दाब धरेना तेव्हा…

रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला, आईवडील जर्मन. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. पण १८९३ मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिलं इंजिन फिरवलं, तर कॉम्प्रेशनच कमी! हवा पिस्टनच्या कडेने गळत होती. हे दुखणं आपल्या सिन्नरच्या गॅरेजवाल्यालाही पाठ आहे: सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, दाब वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलची मात्र दुरुस्ती आणि फेरबदल करण्यात चार वर्षं गेली. (आपण चौथ्या सेमिस्टरलाच कंटाळतो!) १८९७ च्या चाचणीत इंजिनाने २६ टक्के कार्यक्षमता दिली, बहुतेक वाफेची इंजिनं तेव्हा निम्म्यालाही पोचत नव्हती. पैसा मात्र टिकला नाही. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला निघालेला डिझेल रात्रीतून बोटीवरून नाहीसा झाला.